एनसीपीएचे पंचांग : ध्वनिफितींपासून महोत्सवांपर्यंत

नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्रात भराव घालून तयार केलेल्या आठ एकरांवर ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌स’ ही संस्था उभी आहे. तिचे पूर्ण नाव फारसे कोणी घेत नाही, सगळे तिला एनसीपीएच म्हणतात. तिचे आजचे वर्ष महोत्सवांनी गजबजलेले असते. एप्रिलमध्ये नृत्याचा ‘मुद्रा’, पावसाळ्यात रचनाकारांना वाहिलेला ‘बंदिश’ आणि मराठी नाटकांचा ‘प्रतिबिंब’, ऑक्टोबरात पुन्हा नृत्याचा ‘नक्षत्र’, नोव्हेंबरात जॅझ आणि सूफी संगीत, वर्ष सरताना नव्या नाटकांचा ‘सेंटरस्टेज’, थंडीत ‘आदि अनंत’, मग गुजराती नाटकांचा ‘वसंत’. रसिकांच्या घरी भिंतीवर टांगावे असे हे पंचांगच आहे. गंमत अशी की, संस्थेचा घाट घातला गेला तेव्हा यातले काहीही कोणाच्या डोक्यात नव्हते. संस्थापकांना चिंता होती ती हातून निसटत चाललेल्या विद्येची, आणि ती निदान ध्वनिफितीवर तरी उतरवून ठेवण्याची. तिथून महोत्सवांपर्यंत संस्था कशी आली, तोच तिचा खरा इतिहास आहे. इमारतींच्या उद्‌घाटनांची यादी हा त्याचा फक्त एक भाग.

संस्थापक जमशेद भाभा हे टाटा समूहातले ज्येष्ठ अधिकारी आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचे धाकटे बंधू. दोघांनाही संगीताची आणि चित्रकलेची मनस्वी ओढ. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लांकवरील विमान अपघातात होमी भाभा गेले, आणि त्याच सुमारास या केंद्राच्या योजनेला आकार येत होता. जे. आर. डी. टाटा पाठीशी होते, टाटांच्या विश्वस्त निधीचे पाठबळ होते. संस्थानिकांचा आश्रय संपला होता, घराण्यांतले बुजुर्ग एकेक करून जात होते, आणि त्यांच्याबरोबर शेकडो बंदिशी, ताल, अभिनयाच्या परंपरा कायमच्या मिटत होत्या. जुन्या ध्वनिमुद्रिका होत्या, पण त्यांवर मावेल तेवढे तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे. केसरबाई केरकरांसारख्या गायिकेचा ध्वनिमुद्रणावर भरवसाच नव्हता. अशा काळात जाणत्या कलावंतांना बोलवावे, सवडीने गाऊ-वाजवू द्यावे, ते जतन करावे, अभ्यासकांना ऐकवावे आणि पुढच्या पिढीला शिकवावे, ही मूळ कल्पना. डिसेंबर १९६९ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते केंद्राचे उद्‌घाटन झाले, तेव्हा त्याच्याकडे स्वतःचे नाट्यगृह नव्हते. भुलाभाई देसाई रोडवरच्या ‘आकाशगंगा’ इमारतीतल्या भाड्याच्या जागेत काम चाले. आकाशवाणीत मोठी कारकीर्द केलेले नारायण मेनन कार्यकारी संचालक झाले आणि १९७२ पासून संस्थेचे एक भारदस्त त्रैमासिकही निघू लागले. संगीत, नृत्य आणि नाटकावरचे त्यातले लेख आजही संशोधकांच्या संदर्भसूचीत भेटतात.

या पहिल्या पर्वात मराठी माणसांचा वाटा मोठा होता, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. पु. ल. देशपांडे काही वर्षे संस्थेचे मानद संचालक होते. महाराष्ट्रातल्या लोककला आणि नाट्यसंगीत यांकडे केंद्राचे लक्ष वळवण्यात त्यांचा हात होता. त्यांच्यानंतर नाव घ्यायचे ते डॉ. अशोक दा. रानडे यांचे. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग पहिले संचालक म्हणून घडवून झाल्यावर १९८० च्या दशकात ते एनसीपीएत आले आणि जवळजवळ दशकभर तिथे राहिले. रानडे गायक होते, संगीतशास्त्रज्ञ होते आणि शिक्षकही होते. ‘देवगाणी’, ‘बैठकीची लावणी’ यांसारखे त्यांचे संकल्पनाधिष्ठित कार्यक्रम ज्यांनी पाहिले, त्यांना ठाऊक आहे की ते नुसते गाण्यांचे कार्यक्रम नव्हते. एक विषय घ्यायचा, त्याच्या मुळांपर्यंत जायचे, गायक-वादकांकडून तो विषय महिनोन्‌महिने घोटून घ्यायचा आणि मग रंगमंचावर निवेदनासकट मांडायचा. बैठकीच्या लावणीसारखा शिष्टांनी नाक मुरडलेला प्रकार नरिमन पॉइंटच्या गालिच्यावर मानाने बसला, तो या पद्धतीमुळे. आज संस्थेच्या महोत्सवांतून एखादा विषय धरून जी मांडणी होते, तिचा पाया रानड्यांनी घातला असे मी मानतो. त्याच सुमारास केंद्रात रागसंगीतावर यंत्रांच्या साहाय्याने शास्त्रीय संशोधनही चालू होते. डच आणि भारतीय अभ्यासकांच्या त्या कामात डॉ. सुवर्णलता राव होत्या. पुढे भारतीय संगीताच्या कार्यक्रमांची सूत्रे त्यांच्याकडेच आली. संशोधकाच्या हाती कार्यक्रमांचे नियोजन गेले की निवडीत काय फरक पडतो, हे पुढे ‘बंदिश’बद्दल बोलताना येईलच.

आता इमारती. राज्य शासनाने जागा दिली खरी, पण ती होती पाण्याखाली. भराव संस्थेनेच घालायचा होता. त्या भरावावर १९७५ मध्ये पहिले छोटेखानी ‘लिटल थिएटर’ उघडले. ‘टाटा थिएटर’ १९८० च्या ऑक्टोबरात झाले, तेही इंदिरा गांधींच्याच हस्ते. वास्तुरचना अमेरिकेचे फिलिप जॉन्सन यांची, आणि ध्वनिरचना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसचे काम केलेल्या सिरिल हॅरिस यांची. १,०१० आसनांचे हे सभागृह मुख्यतः भारतीय संगीतासाठी आखलेले आहे. बैठकीत गवय्याचा आवाज जसा थेट कानावर येतो, तसा हजार माणसांना ध्वनिक्षेपकाशिवाय ऐकू यावा, अशी ती जिद्द. पंख्यासारखी पसरलेली आसने, फिरता रंगमंच, आवाज घुमू नये आणि मरूही नये म्हणून मोडलेल्या भिंती आणि छत. तानपुऱ्याची जवार शेवटच्या रांगेत पोचते, याचा अनुभव जाणकार आजही सांगतात. पण बहुतेक कलावंतांना आता ध्वनिक्षेपक लागतोच. गाणाऱ्यांच्या गळ्याला आणि ऐकणाऱ्यांच्या कानाला त्याची सवय झाली आहे, आणि हॅरिस यांची सगळी मेहनत बऱ्याच संध्याकाळी वाया जाते. हा दोष इमारतीचा नाही.

‘एक्सपेरिमेंटल थिएटर’ १९८६ मध्ये आले आणि ‘गोदरेज डान्स थिएटर’ १९८७ मध्ये. पहिल्यात सुमारे तीनशे, दुसऱ्यात सुमारे दोनशे प्रेक्षक बसतात. एक्सपेरिमेंटलमध्ये रंगमंच कुठे आणि प्रेक्षक कुठे, हे दिग्दर्शकाने ठरवायचे. दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात एक तप गाजलेली समांतर नाटकाची चळवळ तोवर मंदावली होती. तिथल्या लोकांना अशी जागा स्वप्नातही मिळाली नव्हती. मिळाली, तेव्हा ती दादरहून फार दूर होती, आणि तिच्या भाड्याचा विचार करायलाही धाडस लागे.

‘रंगायन’च्या विजया मेहता १९९० च्या दशकात कार्यकारी संचालक झाल्या. मराठी रंगभूमीवर आणि जर्मन रंगकर्मींबरोबर काम केलेली ही दिग्दर्शिका प्रशासनाच्या खुर्चीत बसली, त्याचा फायदा संस्थेला झाला. नाट्यशिबिरे, कार्यशाळा, तरुण लेखक-दिग्दर्शकांना हाताशी धरणे, हे त्यांच्या काळात जोमाने चालले. त्याच काळात मोठा घाव बसला. ऑपेरा आणि बॅलेसारख्या मोठ्या प्रयोगांसाठी बांधले जात असलेले भव्य नाट्यगृह पुरे होत आले असताना १९९७ मध्ये आगीत भस्मसात झाले. जमशेद भाभा तेव्हा ऐंशी ओलांडलेले. त्यांनी लगेच पुन्हा बांधकामाला हात घातला आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये १,१०९ आसनांचे नाट्यगृह उघडले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दर्शनी दालनातला संगमरवरी जिना मलबार हिलवरच्या जुन्या ‘पेटिट हॉल’मधला आहे.

पाच रंगमंच झाले आणि प्रश्न बदलला. एका छोट्या सभागृहासाठी महिन्याला चार-सहा बैठकी ठरवणे आणि पाच सभागृहे वर्षभर जागती ठेवणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुटी मैफल ठरवली तर तिचा खर्च एकटीने सोसावा लागतो. कलावंताचा प्रवास, मुक्काम, साथीदार, ध्वनी, प्रकाश, जाहिरात हे सगळे एका संध्याकाळपुरते. प्रायोजक कंपनीला एका मैफलीत रस नसतो, पण दोन-तीन दिवसांच्या उत्सवाला नाव द्यायला ती तयार होते. वर्तमानपत्रही सुट्या मैफलीची दोन ओळींत बोळवण करते आणि महोत्सवाला अर्धे पान देते. बाहेरगावचा नर्तकसंच एकदा मुंबईत आला की तो प्रयोग करतो, कार्यशाळा घेतो, चर्चेला बसतो. शिवाय प्रेक्षकाचीही मानसिकता असते: ‘कधीतरी जाऊ’ म्हणणारा माणूस ‘हे तीनच दिवस’ म्हटल्यावर घराबाहेर पडतो. खुश्रू सनटूक यांच्या अध्यक्षतेच्या काळात, म्हणजे जमशेद भाभांच्या २००७ मधील निधनानंतर, संस्थेने हा हिशेब नीट मांडला. भारतीय संगीत, पाश्चात्त्य आणि आंतरराष्ट्रीय संगीत, नृत्य, नाटक असे विभाग, प्रत्येकाला स्वतंत्र प्रमुख, आणि प्रत्येक प्रमुखाच्या खात्यात वर्षाला निदान एक-दोन हक्काचे महोत्सव, अशी घडी २०१० च्या आसपास बसली.

सगळे महोत्सव सारख्या तोलाचे नाहीत, आणि तसे भासवण्यात अर्थ नाही. ‘आदि अनंत’ सर्वांत दिमाखदार. सिटी या बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या या उपक्रमात नामांकित कलावंत असतात, आणि तो मुंबईबाहेरच्या शहरांतही जातो. गुरू आणि शिष्य एकाच मंचावर बसवण्याचा त्यातला आग्रह मात्र दिमाखापलीकडचा आहे. गुरूंना मानधन आणि शिष्यांना विद्यावेतन देण्याची योजनाही संस्थेने याच साहाय्यातून चालवली. ‘समा’ सूफी परंपरांचा, ‘लिव्हिंग ट्रॅडिशन्स’ लोककलांचा. ‘मुद्रा’ आंतरराष्ट्रीय नृत्यदिनाच्या, म्हणजे २९ एप्रिलच्या आगेमागे होतो आणि एखादा विषय धरून नृत्यरचना मागवतो. ‘नक्षत्र’मध्ये शास्त्रीय नृत्यशैलींचे दर्शन घडते. नृत्याला मुंबईत हक्काची जागा कमी आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक त्याहून कमी, त्यामुळे हे दोन्ही महोत्सव तग धरून आहेत हेच पुष्कळ.

पण मला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाचा ‘बंदिश’. आपल्याकडे मैफल गायकाची असते. जाहिरातीत नाव गायकाचे, टाळ्या गायकाला. बंदिश कोणाची, हे विचारायची पद्धतच नाही. हा महोत्सव रचनाकाराला मध्यभागी आणतो. कधी ख्यालाच्या बंदिशी बांधणारे पूर्वसूरी, कधी ठुमरी-दादरा, कधी संतरचना, आणि एखादी संध्याकाळ चित्रपट-संगीतकारांसाठी. अभिजात रचनाकार आणि चित्रपटाचा संगीतकार यांना एकाच पंक्तीत बसवणे काही कर्मठांना रुचत नाही. रानड्यांना ते नक्की रुचले असते. संगीताच्या कोटी लावताना उच्च-नीच पाहू नये, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. महोत्सवातल्या गायकाला एरवी न गायलेल्या रचना शोधाव्या लागतात, जुन्या जाणत्यांकडे जावे लागते, पाठांतर करावे लागते. १९६९ चा हेतू आणि आजचा उत्सव हे दोन्ही ‘बंदिश’मध्ये एकत्र भेटतात.

नाटकाकडे वळताना थोडा मुंबईचा भूगोल आठवायला हवा. एनसीपीए घडत असतानाच मराठी प्रेक्षकाची नाट्यगृहे ठरून गेली होती. गिरगावात साहित्य संघ, प्रभादेवीला रवींद्र, दादरला १९६५ पासून शिवाजी मंदिर. नरिमन पॉइंटला सर्वांत जवळचा मराठी मुलूख गिरगावचा. पण नेमक्या त्याच दशकांत गिरगावकर बोरिवलीला, ठाण्याला, डोंबिवलीला जाऊ लागला. केंद्राचे दरवाजे उघडले तेव्हा त्याचा शेजारी उठून गेला होता. त्यात चर्चगेटला उतरून पुढे शेअर टॅक्सी, रात्री प्रयोग लांबला तर परतीच्या गाडीची धाकधूक, आणि सभोवती इंग्रजीचा वावर. ‘तिथे आपले काय काम?’ ही भावना मराठी घरांत खोल रुजली. ती सर्वस्वी खरी नव्हती, पण सर्वस्वी खोटीही नव्हती.

‘प्रतिबिंब’ या मराठी नाट्योत्सवाने ती कोंडी बऱ्याच अंशी फोडली. यात व्यावसायिक नाटके असतात, प्रायोगिक असतात, मुंबईबाहेरच्या संघांचे प्रयोगही असतात. जोडीला चर्चा आणि लेखक-दिग्दर्शकांशी गप्पा. एक्सपेरिमेंटलमध्ये तीनशे आसने, त्यामुळे गल्ल्यावर खर्च निघणे अशक्य, पण अशी नाटके चारशे प्रयोगांच्या हिशेबाने लिहिलेली नसतातच. पुण्याच्या ‘सुदर्शन’सारख्या किंवा एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या रंगमंचासाठी बसवलेले नाटक इथे येते, त्याला उत्तम प्रकाशयोजना मिळते, ते अमराठी प्रेक्षकही पाहतो, आणि पुढच्या चार निमंत्रणांची वाट मोकळी होते. ‘सेंटरस्टेज’मध्ये इंग्रजी-हिंदीबरोबर इतर भाषांतली नवी नाटके पहिल्यांदा रंगमंचावर येतात. गुजराती ‘वसंत’चे गणित निराळे, कारण त्या प्रेक्षकाची दक्षिण मुंबईतली मुळे अजून पुरती उखडलेली नाहीत. मराठी महोत्सवाचे प्रेक्षक लांबून येतात आणि तरीही येतात. त्यांच्यासाठी प्रयोगाची वेळ थोडी अलीकडे घेतली तर अजून येतील, एवढी सूचना इथे नोंदवून ठेवतो.

पाश्चात्त्य संगीताबद्दल थोडक्यात. कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह आणि सनटूक यांनी २००६ मध्ये ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा केला. त्याचे हंगाम वर्षातून दोनदा होतात, आणि २०१९ मध्ये त्याने ब्रिटनचा दौराही केला. वाद्यवृंदात परदेशी वादकांचा भरणा जास्त, ही टीका सुरुवातीपासून आहे आणि ती रास्त आहे. मात्र याच वाद्यवृंदाने उस्ताद झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंदासाठी ‘पेशकार’ ही रचना करवून घेतली. २०१५ मध्ये ती इथेच प्रथम सादर झाली. एरवी दोन दालनांत दाराआड राहणारे दोन संगीतविभाग त्या संध्याकाळी एका रंगमंचावर आले. असे प्रसंग मोजकेच आहेत, आणि महोत्सवांच्या विभागवार घडीत ते मोजकेच राहणार, ही या पद्धतीची मर्यादा.

मार्च २०२० मध्ये पाचही पडदे एकदम पडले. टाळेबंदीत काही कार्यक्रम ऑनलाइन झाले. त्या काळात एक गोष्ट ठळक झाली: उत्सव बंद पडल्यावर संस्थेकडे लोकांना द्यायला जे उरले, ते जुन्या मुद्रणांचे भांडार. पडदे पुन्हा उघडल्यावर ‘एनसीपीए अ‍ॅट द पार्क’ या नावाने शहरातल्या सार्वजनिक उद्यानांत विनामूल्य कार्यक्रम सुरू झाले. नरिमन पॉइंटला न येणाऱ्याकडे आपण जावे, हे शहाणपण संस्थेला सुचायला पन्नास वर्षे लागली, पण सुचले. आर्थिक पाठबळाचीही एक गोष्ट सांगायला हवी. भाभा बंधूंचे मलबार हिलवरचे ‘मेहरांगीर’ हे घर जमशेद भाभांनी संस्थेला देऊन टाकले होते. ते स्मारक म्हणून जतन करावे अशी वैज्ञानिकांची मागणी होती. २०१४ मध्ये लिलावात त्याला ३७२ कोटी रुपये आले. त्या व्यवहाराबद्दल हळहळ वाटणारे पुष्कळ आहेत, त्यांत मीही. पण संस्थापकाने आपले राहते घर कलेसाठी मोडावे, आणि त्यावर संस्था पुढे चालावी, याला आपल्याकडे दुसरी उदाहरणे फार नाहीत. वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ पासून दुसरे झगमगीत सांस्कृतिक केंद्र उभे आहे. तिथल्या झगमगाटाशी स्पर्धा करायला एनसीपीएने जाऊ नये. तिच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही.

ते म्हणजे पहिल्या दोन दशकांत जमवलेल्या हजारो तासांच्या ध्वनिफिती, त्रैमासिकाचे अंक, रानड्यांच्या कार्यक्रमांच्या संहिता आणि संशोधनाचे कागद. महोत्सव पाहायला येणाऱ्या शंभरांतल्या पाचांनाही या भांडाराचा पत्ता नसतो. म्हणून संस्थेच्या विश्वस्तांना एक विनंती, आणि ती करण्याचा अधिकार आम्हा तिकीट काढून येणाऱ्यांना आहे: दर महोत्सवात एक सकाळ या ध्वनिफितींसाठी ठेवा. ‘बंदिश’च्या आदल्या दिवशी जुने ध्वनिमुद्रण ऐकवा आणि ज्या घराण्याचे ते आहे त्यातल्या आजच्या गायकाला त्यावर बोलू द्या. ‘प्रतिबिंब’मध्ये एक सत्र महाराष्ट्राच्या लोककलांच्या जुन्या मुद्रणांसाठी राखा. छोटे सभागृह पुरेल, तिकीट लावू नका, आणि वेळ सकाळी अकराची ठेवा म्हणजे कल्याण-विरारच्या रसिकांनाही येता येईल.

आणि वाचकांना : पुढच्या पावसाळ्यात ‘प्रतिबिंब’चे वेळापत्रक जाहीर झाले की न ऐकलेल्या नावाच्या एखाद्या नाटकाचे तिकीट आधी काढा. गाजलेले नाटक शिवाजी मंदिरात नंतरही मिळेल.